‘ग्रीस संपलंय’ म्हणजे नक्की काय झालंय?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज गुडघ्यांबद्दल बोलायचंय. तुमच्या नाही, तुमच्या आईच्या. किंवा बाबांच्या, आजीच्या, शेजारच्या काकूंच्या. तुम्ही पंचविशीत असाल, आत्ता हे लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऐकत असाल, आणि आपल्याला गुडघे आहेत हे तुमच्या लक्षातही नसेल. पण घरात ‘आई गं’ म्हणत जमिनीवरून उठणारं कुणीतरी असतंच. नसेल तर मला जरूर कळवा, ते घर मला बघायचंय.

मी फॅमिली डॉक्टर आहे. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझा दवाखाना आहे. इकडे कल्याण पूर्व, तिकडे उल्हासनगर, मध्ये आम्ही. बाकावर बारा माणसं बसतात, बाकीची बाहेर रिक्षाच्या सावलीत उभी राहतात. सर्दी, ताप, बीपी, शुगर, पोरांचे जुलाब, सगळं माझ्याकडे येतं. आणि जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी येऊन, उठताना दाराशी थांबून म्हणतं, “मॅडम, जाता जाता एक विचारू? हा गुडघा लई दुखतो.”

ते ‘जाता जाता’ फार महत्त्वाचं आहे. कारण गुडघेदुखीसाठी म्हणून मुद्दाम कुणी येतच नाही. वय झालं, दुखणारच, असं सगळ्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. मी खुर्ची पुन्हा पुढे सरकवते आणि म्हणते, बसा.

आधी शब्द सरळ करून घेऊ. आपण सांधा दुखला की सरसकट ‘संधिवात’ म्हणतो. ही एक मोठी पिशवी आहे, तिच्यात वेगवेगळे आजार भरलेले आहेत. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. लोकांच्या भाषेत ‘झीज’. दुसरा, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, तो ऱ्हूमेटॉइड आर्थ्रायटिस. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. औषधं वेगळी, घाई वेगळी. आज मी बोलणार आहे पहिल्याबद्दल.

पण ‘झीज’ हा शब्दही मला फारसा आवडत नाही, आणि ‘ग्रीस संपलंय’ तर अजिबातच नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय येतं? गंजलेली बिजागरी. जितकी वापराल तितकी झिजेल, म्हणून वापरू नका. आणि इथेच सगळं बिघडतं.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. मग तिला खाऊपिऊ कोण घालतं? सांध्यातला द्रव. आणि तो आत कसा शिरतो? दाब पडला, सुटला, पडला, सुटला, असा, पाण्यात स्पंज दाबून सोडावा तसा. म्हणजे चालणं, उठणं, बसणं हेच कूर्चेचं जेवण. या आजारात कूर्चा पातळ होते हे खरं, पण तेवढंच होत नाही. कडेला हाड वाढतं, आतलं अस्तर अधूनमधून सुजतं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू सुकतो. दुखतं म्हणून माणूस कमी हलतो, कमी हलला की तो स्नायू आणखी सुकतो, मग गुडघ्याला सावरायला कुणी उरत नाही, मग आणखी दुखतं. बिजागरीला स्नायू नसतो. माणसाला असतो.

आता हे किती लोकांना आहे? आपल्याच महाराष्ट्रातलं एक काम सांगते, मला त्याचा अभिमान वाटतो. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण आहे. तुम्ही फ्लेमिंगो बघायला, रील काढायला गेला असाल. त्याच भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन विचारायला सुरुवात केली, तुमचं काय दुखतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसांना विचारलं गेलं. शंभरातल्या अठरा जणांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. दुखण्याच्या जागांमध्ये गुडघा पहिला, कंबर त्याच्या मागे. आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस होता ५.८ टक्के प्रौढांना. ऱ्हूमेटॉइड अर्धा टक्क्याच्या आसपास. म्हणजे ज्या आजाराच्या नावाने आपण घाबरतो तो एकाला, आणि ज्याला ‘वय झालं’ म्हणतो तो दहाजणांना.

त्यानंतर वीसेक वर्षांनी, २०१६ मध्ये आणखी एक अभ्यास छापून आला. आग्रा, बंगळुरू, कोलकाता, डेहराडून आणि पुणे अशी पाच ठिकाणं. त्यात गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं प्रमाण निघालं २८.७ टक्के. पाच कुठे आणि अठ्ठावीस कुठे! घोटाळा नाहीये. भिगवणमध्ये सगळे प्रौढ मोजले, त्यात विशीतली पोरंही आली. दुसऱ्या अभ्यासात वयाने मोठी माणसं होती आणि निदान एक्सरेवर होतं. एक्सरेत दिसणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यावर येतेच. बायकांमध्ये प्रमाण जास्त, हे सगळीकडेच. आणि जगाचा आकडा हवा असेल तर २०२० साली सुमारे ५९.५ कोटी माणसं. म्हणजे हा आजार इतका नेहमीचा आहे की प्रत्येक गुडघ्याला हाडांचा सर्जन मिळणं शक्यच नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही नाही. हे काम कोपऱ्यावरच्या डॉक्टरचं आहे. म्हणजे आमचं.

एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय बावन्न. चार घरी पोळ्या करायच्या. स्वतः राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. रोज विठ्ठलवाडीच्या पुलाचा जिना चढून उतरून गाडी पकडायची, कल्याणला उतरायचं, तिथला पूल वेगळा. त्यांना दुसरीकडे कुणीतरी एक्सरे बघून सांगितलं होतं, दोन्ही गुडघ्यांतलं ग्रीस संपलंय, आता चालणं कमी करा, जिने तर बंदच. त्या माझ्यासमोर बसून हिशेब करत होत्या. तीन मजले खाली, पुलाचा जिना वर, खाली, परत तेच. “जिना बंद म्हणजे कामच बंद ना मॅडम? पोराचं लग्न व्हायचंय अजून.”

पोरगा सोबत होता. चोवीस वर्षांचा, घरोघरी पार्सल पोचवण्याचं काम करतो. त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ होता. ‘ऑपरेशनशिवाय गुडघा नवा’, तीन इंजेक्शनांचं पॅकेज, हप्त्यांची सोय. तो कर्ज काढायला तयार होता. मला त्या पोराचं कौतुक वाटलं आणि त्या व्हिडिओवाल्यांचा राग आला, दोन्ही एकदम.

आता फॅमिली डॉक्टर अशा वेळी काय करतो ते बघा. मी एक्सरे बाजूला ठेवला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांसाठी सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय, वय ४५ किंवा जास्त, हालचाल केली की दुखणारा सांधा, आणि सकाळचा आखडलेपणा अजिबात नाही किंवा अर्ध्या तासात सुटणारा, एवढं जुळलं तर निदानासाठी एक्सरेची गरज नाही. कारण एक्सरेत गुडघा भयंकर दिसतो आणि माणूस आरामात चालत असतो, असं होतं. उलटंही होतं. शिवाय तो काळापांढरा कागद घरी नेऊन माणूस रोज बघत बसतो आणि आणखी हलेनासा होतो.

मी काय विचारते? सकाळी उठल्यावर किती वेळ आखडतं? चहा होईपर्यंत सुटतं, की दुपार होते? दुपार होत असेल, हाताच्या बोटांचे छोटे सांधे सुजलेले असतील, तर हा आपला आजार नाही, रक्त तपासायला हवं, तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. गुडघा एकदम लाल, गरम आणि सोबत ताप? तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर टाकायचं नाही. पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर सगळेच सांधे धरले असतील तर चिकनगुनियाचा संशय. पडलात का? गुडघा मध्येच अडकतो का? दुखणं गुडघ्यात पण मूळ खुब्यात, असंही असतं, म्हणून खुबा फिरवून बघायचा. मग मी सांगते, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा. ही माझी सगळ्यात स्वस्त तपासणी. काकूंना तिसऱ्या वेळी दोन्ही हात टेकावे लागले. मांडीचा स्नायू किती उरलाय ते तिथेच कळलं.

आणि मग मी विचारलं, गोळी कुठली घेता? हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. पर्समधून पुडी निघाली. मेडिकलवाल्याकडून आठ महिने, रोज एक, काम जास्त असलं की दोन. वेदनाशामक. बीपी बघितलं, १६० वर १००. बीपीची गोळीही चालू होती म्हणे, “पण हल्ली लागूच पडत नाही.” लागू कशी पडेल? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या घराण्यातल्या गोळ्या बीपी वाढवतात, पोटात अल्सर करतात, किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. बीपीच्या काही गोळ्यांसोबत तर किडनीवर दुहेरी, तिहेरी मार बसतो. क्रिएटिनिन करून घेतलं, ते नॉर्मलच्या अगदी वरच्या काठावर आलं.

इथे जरा आडवाटेने जाते. आपल्याकडची गिधाडं कशाने संपली माहितेय? याच डायक्लोफेनॅकने. गुराढोरांना ते दुखण्यावर टोचायचे, जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि किडनी बंद पडून मरायची. कारण सापडेपर्यंत बहुतेक गिधाडं गेलेली होती. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. आपण गिधाड नाही, आपली किडनी ते बऱ्यापैकी पेलते, हे खरं. पण पन्नाशीची, बीपी असलेली, दिवसभर पाणी न पिणारी बाई आठ महिने ते खात असेल, तर मला ती गिधाडं आठवतात. आणि पाणी का पीत नाही? कामाच्या घरी बाथरूम वापरायला संकोच वाटतो म्हणून. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही, विचारावं लागतं.

गोळी कधीच द्यायची नाही असं नाही. दुखणं उसळलं की थोड्या दिवसांसाठी, कमीत कमी डोस, पोटाच्या संरक्षणाची गोळी जोडून, किडनी आणि हृदय बघून, मी देते. पण गुडघ्यासाठी आधी मलम. डायक्लोफेनॅकचंच जेल, दिवसातून तीनचार वेळा, नीट बोटभर घेऊन. त्यातलं रक्तात फारच थोडं जातं आणि गुडघा त्वचेच्या जवळ असल्यामुळे उपयोग होतो. गोळी रक्तातून सगळीकडे जाते, मलम जिथे दुखतं तिथेच राहतं, एवढा साधा फरक. पॅरासिटामॉल या दुखण्यात फारसं काम करत नाही. आणि ज्या ‘देशी’ पुड्या दोन दिवसांत चमत्कार करतात, त्यांच्यापासून शंभर हात लांब राहा. दोन दिवसांत सांधा फुलासारखा हलका झाला की मला आधी स्टेरॉइडचा वास येतो. चेहरा सुजायला लागला, शुगर वाढली, तर पुडी घेऊन थेट डॉक्टरकडे जा. अचानक बंदही करायची नाही, तेही धोक्याचं.

मग इलाज काय? व्यायाम. आता तुम्ही कंटाळलात, मला कळलं. माझे पेशंटही इथेच कंटाळतात, त्यांना चिठ्ठीवर काहीतरी लिहिलेलं हवं असतं. म्हणून मी व्यायामही चिठ्ठीवरच लिहिते. गोळीसारखा. सकाळी एकदा, रात्री एकदा, जेवणाशी संबंध नाही.

पहिला, पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची. पाच अंक मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. दुसरा, पाठीवर झोपून एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजायचे. तिसरा माझा आवडता, खुर्चीतून उठायचं आणि हळूहळू बसायचं. ‘हळूहळू’ला अधोरेखित करा, धपकन बसलं की व्यायाम झालाच नाही. सुरुवातीला उशी ठेवून खुर्ची उंच करा, हात टेका, मग उशी काढा, मग हात सोडा. चौथं चालणं. एकदम तासभर नको, दहा मिनिटं दोनदा.

पहिले दोन आठवडे थोडं जास्त दुखतं. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक तिसऱ्या दिवशी सोडतात. नियम सोपा आहे. व्यायामाने दुखलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीइतकंच झालं, तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच असेल तर आकडा कमी करा. बंद करू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून फिजिओथेरपिस्ट हेच काम पद्धतशीर करतात, आजार समजावायचा आणि गटाने व्यायाम करून घ्यायचा, आणि ती पद्धत पुढे इतर देशांनीही उचलली. माझ्या दवाखान्यात गट करायला जागा नाही. पण प्रत्येक घरात एक मोबाइलवाला असतो. त्याला मी कामाला लावते. तू आईचे आकडे मोजायचे, रोज. बाकी काही करू नकोस.

दरवर्षी आषाढीच्या आधी दोनतीन जण विचारतात, वारीला जाऊ का? आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मी नाही म्हणत नाही. मी म्हणते, चैत्रात विचारलं असतंत तर तयारी करून घेतली असती. आता एखादा टप्पा चाला, बाकी गाडीने जा, विठ्ठलाला कळतं.

वजनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण याबद्दल बायकांना आयुष्यभर टोमणेच ऐकावे लागलेत. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस. हा हिशेब सांगितला की लोक वजनकाट्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. उपास नको, त्याने स्नायूच जातो. भात एक वाढप कमी, डाळ, उसळ, अंडं जास्त, आणि चहातली साखर. बाकीचं हळूहळू.

मग घर. मला विचाराल तर निम्मा इलाज घरात आहे. आपल्याकडे सगळं जमिनीवर चालतं. लादी पुसणं उकिडवं बसून, भाजी निवडणं मांडी घालून, आमच्याकडे जीन्सचे धागे कापणाऱ्या बायका तर दिवसदिवस जमिनीवर. आणि संडास भारतीय. बीजिंगमध्ये संशोधकांनी म्हाताऱ्या माणसांना विचारलं होतं, पंचविशीत असताना रोज किती वेळ उकिडवे बसायचात? जे जास्त बसायचे त्यांच्यात गुडघ्याचा आजार जास्त निघाला. म्हणून मांडी घालणं पाप आहे असं नाही, निरोगी गुडघ्याला ती चालते. पण ज्या गुडघ्याला आधीच त्रास आहे, त्याला दिवसातून पंचवीस वेळा खाली बसवायचं कशाला? लांब दांड्याचा मॉप आणा. ओट्याशी उंच स्टूल ठेवा. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलमध्ये मिळते. घरातले पुरुष म्हणतात, जागा अडते. अडू दे. घडी होते तिची.

आणि काठी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. डावा गुडघा दुखतो तर काठी उजव्या हातात. सिनेमातल्या म्हाताऱ्यांकडे बघून शिकू नका, ते पटकथेप्रमाणे चालतात. काठी हातात घेतली की म्हातारपण आलं, असं वाटून बायका ती दाराआड ठेवतात आणि भिंती धरत चालतात. माझ्याकडच्या एका आजींनी तोडगा काढला, लांब दांड्याची छत्री. बारा महिने छत्री. कुणी विचारलं तर म्हणतात, ऊन लागतं.

आता त्या पोराच्या व्हिडिओकडे येते. त्यातली इंजेक्शनं होती स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची, पीआरपी म्हणतात. ऐकायला किती छान, स्वतःचंच रक्त, नैसर्गिक. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर नीट चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय दिलं ते कुणालाच माहीत नाही. वर्षाने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं होतं. मिठाच्या पाण्याला हप्ते लागत नाहीत.

त्याच्याही आधीची गोष्ट तर कथाच आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रूस मोसली नावाच्या सर्जनने १८० पेशंट घेतले. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा फक्त धुतला, आणि काहींना नुसते वरवरचे काप देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. पेशंटना माहीत नाही कुणाचं काय झालं. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच. हे २००२ साली छापून आलं. तरी ‘दुर्बिणीने गुडघा साफ करून देतो’ हे वाक्य मी अजून ऐकते. स्टेरॉइडचं इंजेक्शन सांध्यात दिलं तर काही आठवडे आराम पडतो, घरात लग्न आहे, गुडघा सुजलाय, अशा वेळी मीही तज्ज्ञाकडे पाठवते. पण ठरावीक महिन्यांनी टोचत राहण्यात अर्थ नाही, त्याने कूर्चा पातळ होते.

सांधाबदल मात्र खरा इलाज आहे, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण व्यायाम व्यायाम करत मी ऑपरेशनच्या विरोधात आहे असं वाटेल. रात्री झोप येत नाही, घराबाहेर पडता येत नाही, पाय वाकडा झालाय, व्यायाम मनापासून करून झालाय, अशा माणसाला थांबवून ठेवणं हा अन्याय आहे. वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली एका गुडघ्याचं आणि २००१ साली दुसऱ्याचं ऑपरेशन मुंबईत ब्रीच कँडीमध्ये झालं. डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी अमेरिकेहून आले होते. तेव्हापासून ‘गुडघा बदलतात’ हे घराघरात कळलं, पण सोबत ‘ते मोठ्या माणसांचं काम’ हेही कळलं. किमतीचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट क्रोमियमचा गुडघा सरासरी दीड लाखाच्या वर विकला जायचा, तो कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. हॉस्पिटलचा खर्च वेगळा, म्हणून बिल मागताना गुडघ्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा, आणि ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं का ते तारीख घेण्याआधी विचारा. नंतर विचारून काही होत नाही.

त्या काकूंचं काय झालं ते सांगते. गोळी बंद, जेल चालू, बीपी दोन आठवड्यांत खाली आलं. पोरगा रोज रात्री आकडे मोजायचा. एकदा मला त्याने रेकॉर्डिंग पाठवलं, त्यात काकू सातवर थांबून त्याला शिव्या घालतायत आणि हा शांतपणे म्हणतोय, “आठ.” तीन महिन्यांनी त्या खुर्चीतून हात न टेकता दहादा उठल्या. दुखणं गेलं का? नाही. पाऊस पडला की दुखतं, तिसऱ्या मजल्यावर दोनदा थांबतात. त्यांनी चारपैकी एक घर सोडलं, जिथे ओटा बुटका होता ते. बाकी तीन चालू आहेत. जिना एक एक पायरीने चढतात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे त्यांना मी शिकवलं आणि त्यांनी पुलावरच्या निम्म्या बायकांना. कर्ज काढलं नाही. लग्न ठरलंय पोराचं.

तुमच्या स्वतःच्या गुडघ्यांचं दोन वाक्यांत. धावण्याने गुडघे झिजतात ही भीती सोडा, हौसेने धावणाऱ्यांचे झिजत नाहीत. पण टर्फवर फुटबॉल खेळताना, कबड्डीत गुडघा पिळला, कट्‌कन आवाज आला, तासाभरात सुजला, तर क्रेप बांधून पुढच्या रविवारी खेळायला जाऊ नका. लिगामेंट तुटलेला गुडघा पुढे ऐन चाळिशीत हाच आजार घेऊन माझ्याकडे येतो.

आणि आईला दवाखान्यात नेणार असाल तर तीन गोष्टी करा. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून आणा, अगदी शेजारणीने दिलेल्यासुद्धा. घरात ती जमिनीवरून उठते कशी, जिना उतरते कशी, याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून आणा, माझ्यासमोर सगळ्याच बायका ताठ चालतात. आणि ‘जाता जाता’ विचारू नका, आत आल्याबरोबर पहिलं वाक्य गुडघ्याचं म्हणा. फक्त सोमवारी संध्याकाळी येऊ नका. सोमवारी बाकावर जागा नसते आणि दुखऱ्या गुडघ्याने उभं राहावं लागतं. बुधवारी दुपारी या, तेव्हा मी निवांत असते.